काळजी घ्यायची की करायची?

नमस्कार मैत्रिणींनो. आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या दादांनो, बाबांनो, तुम्हालाही नमस्कार.

दुपारची वेळ. कामं हातावेगळी झालीत, घरात कोणी नाही, म्हणून तुम्ही जरा आडव्या होता. डोळा लागतो न लागतो तोच दारावरची बेल वाजते. दार उघडण्याआधी तुम्ही केस सारखे करता, चादरीवरची सुरकुती मोडता. आलेल्या माणसानं विचारलं, "झोपली होतीस का गं?" की तोंडातून निघून जातं, "छे, झोपतेय कुठली!"

दमलेल्या बाईनं दहा मिनिटं पाठ टेकली. यात लपवण्यासारखं काय होतं? तरी आपण लपवतो. मीही कित्येक वर्षं लपवलं आहे.

अपराधी वाटणं मुळात वाईट नसतं. आपण कोणाला टाकून बोललो, दिलेला शब्द पाळला नाही, की आत काहीतरी टोचतं. त्या टोचणीमुळेच आपण माफी मागतो, चूक निस्तरतो. मानसशास्त्रात अपराधीपणा आणि शरम यांच्यात फरक केला जातो. 'माझं चुकलं' हा अपराधीपणा. 'मीच वाईट' ही शरम. चूक दुरुस्त करता येते, पण अख्खं माणूस कुठून दुरुस्त करायचं? आपलं होतं असं, की पहिल्या वाक्याचं दुसरं कधी झालं ते कळतच नाही. सकाळी 'आज मुलावर उगाच ओरडले' इथून सुरुवात होते आणि रात्री अंथरुणावर पडेपर्यंत 'मला आईपण जमतच नाही' इथवर मजल जाते.

म्हणून टोचणी लागली की मी स्वतःला एकच विचारते: मी नेमकं कोणाचं काय बिघडवलं? नाव सांगता आलं, गोष्ट सांगता आली, तर उठून ती निस्तरायची. पण उत्तर 'तसं कोणाचं काही नाही, पण...' असं आलं, तर त्या 'पण'च्या पुढचं नीट ऐकायचं. 'पण लोक काय म्हणतील.' 'पण चांगल्या बायका असं करत नाहीत.' हा आवाज कान देऊन ऐकलात तर लक्षात येईल, तो आपला नाही. कधीतरी कोणीतरी म्हटलेलं आपण जपून ठेवलंय.

माझी लेक आठ वर्षांची असताना शाळेत पडली. कपाळाला चार टाके पडले. मी कामावर होते, फोन पर्समध्ये, आवाज बंद करून ठेवलेला. बाहेर येऊन पाहिलं तर सात मिस्ड कॉल. मी पोचले तेव्हा टाके घालून झाले होते. ते सात कॉल मी अकरा वर्षं उराशी बाळगले. तिच्या कपाळावरची ती बारीक रेघ दिसली की पोटात कालवायचं. शेवटी एकदा धीर करून तिच्याशी बोलले. म्हटलं, त्या दिवशी मी नव्हते तुझ्याजवळ. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "नव्हतीस? आई, मला तर आठवतंय तू माझा हात धरला होतास."

हात मी धरला होता, पण नंतर, घरी, रात्रभर. तिनं तेवढंच ठेवलं होतं.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. 1940च्या दशकात ते बीबीसी रेडिओवरून आयांशी बोलायचे, आज मी बोलतेय तसंच. 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना त्यांची. ते सांगत, अगदी सुरुवातीला आई बाळाची प्रत्येक गरज जवळजवळ तंतोतंत भागवते, आणि मग हळूहळू, त्याला झेपेल तेवढी, कमी पडत जाते. त्या कमी पडण्यातूनच मूल जगाला तोंड द्यायला शिकतं. मला हे फार वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता काळजी. आपल्या भाषेत काळजी घेतातही आणि करतातही. शब्द एकच, पण घेणं हे हातापायांचं काम आहे: औषध देणं, फोन करणं, जवळ बसणं. ते करून झालं की संपतं. करणं मात्र रात्री दोन वाजता छताकडे बघत चालतं आणि त्यानं कोणाचा ताप उतरत नाही. तरी आपल्याला ते सोडवत नाही, कारण आत कुठेतरी वाटतं की काळजी सोडली म्हणजे माया पातळ झाली.

'काळजी करू नकोस' म्हटल्यानं कोणाची काळजी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983मध्ये वेगळा मार्ग मांडला. काळजीला रोज अर्धा तास द्यायचा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. एरवी ती आली की 'तुझी वेळ सहाची' म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. मी वही ठेवते. मनात येईल ते एका ओळीत टिपते आणि सहाला उघडते. बऱ्याच ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात. ज्या उरतात त्यांच्यापुढे लिहिते, उद्या काय करायचं. ही वेळ झोपेच्या तोंडावर मात्र ठेवू नका.

दादांनो, एक तुमच्यासाठी. 'काही लागलं तर सांग' हे तुम्ही मनापासून म्हणता. पण काय लागेल ते आठवणं, कोणाला कधी सांगायचं ते ठरवणं, हेच तर डोक्यावरचं ओझं आहे. त्यापेक्षा एखादं काम आठवणीसकट आपल्याकडे घ्या.

आणि हे वहीनं सुटणारं नसेल, तर तेही ओळखा. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, आजच कोणाजवळ तरी बोला. जागतिक आरोग्य संघटनेनुसार नैराश्य पुरुषांपेक्षा बायकांमध्ये सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर तर दहातल्या एकीहून अधिक जणींना ते गाठतं. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि तो तुमच्या मायेच्या कमतरतेतून आलेला नाही.

आज दुपारी पाठ टेकाल, तेव्हा बेल वाजेलही. केस विस्कटलेलेच राहू देत. कोणी विचारलं तर सांगा, "हो, झोपले होते."

नमस्कार.