ब्रेकची किंकाळी कुठून येते?

सायकलचा ब्रेक दाबताच निघणारा कर्कश आवाज ऐकून बहुतेक जण थेट दुकानात जातात, आणि दुकानातही पहिला हात नव्या रबराकडेच जातो. रबर बदलल्यावर आवाज चार दिवस थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, कारण बिघाड अनेकदा रबरात नसून ते ज्या पद्धतीने बसवले आहे त्यात असतो. काही जण ब्रेकवर तेलाचे दोन थेंब सोडतात. तसे कधीही करू नये. तेलाने आवाज बंद होईल, पण त्याबरोबर ब्रेकही लागायचा थांबेल.

हा आवाज मुळात निर्माण कसा होतो, हे आधी पाहू. ब्रेक दाबल्यावर रबर फिरत्या रिमवर एकसारखे घासत जात नाही. ते क्षणभर रिमला चिकटते, तिच्यासोबत पुढे ओढले जाते, ताण असह्य झाला की सुटून मागे येते आणि पुन्हा चिकटते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच घडत असते. ही चिकट-सुट सेकंदाला शेकडो वेळा, कधी हजाराहूनही अधिक वेळा होते. तिच्यामुळे रबर धरणारी ब्रेकची भुजा थरथरते आणि ती थरथर रिम व फोर्कमधून, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यातून, आपल्या कानापर्यंत पोहोचते. म्हणून तपास करताना दोनच गोष्टी शोधायच्या असतात: घर्षण असमान कशाने झाले, आणि थरथरायला मोकळीक कोणत्या भागाला मिळाली.

सुरुवात रिमपासून करावी. साखळीवर तेल फवारताना त्याचे तुषार मागच्या रिमवर उडतात आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसतही नाहीत. जून उजाडला की रस्त्यावरचा चिखल, रबराची भुकटी आणि ॲल्युमिनियमचा कीस यांचा काळा लेप रिमवर बसतो. स्वच्छ फडके स्पिरिटमध्ये भिजवून दोन्ही कडा पुसाव्यात आणि फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत पुसत राहावे.

मग रबर काढून उजेडात धरावे. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, तर तो पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करावा. नीट पाहिले तर त्यात रुतलेले चंदेरी कणही दिसतात. ते रिमचेच तुकडे असतात आणि रिमलाच कोरत असतात. टाचणीच्या टोकाने ते एकेक करून उकरून काढावेत.

आता ब्रेकची भुजा बोटांत धरून हलवून पाहावी. ती खुळखुळत असेल, तर तिचा बोल्ट आवळावा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे ढकलली असता हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली, तर तिथले बेअरिंग ढिले आहे, आणि ते आवळेपर्यंत ब्रेकवर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते.

एवढे करूनही आवाज उरला, तर रबराचा कोन पाहावा. आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्षित उपाय हाच आहे. रबर रिमला पूर्ण समांतर न ठेवता त्याचे सायकलच्या तोंडाकडचे टोक आधी टेकेल आणि मागच्या टोकाला साधारण एक मिलिमीटर फट राहील, असे ते बसवायचे असते. ब्रेक लागताच रिम रबराला पुढे ओढते, भुजा किंचित पिळली जाते आणि त्या ओढीतच रबर सपाट टेकते. थरथर सुरू व्हायला वावच उरत नाही. व्ही-ब्रेकमध्ये, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी भुजा असलेल्या ब्रेकमध्ये, हे सोपे आहे. रबराचा नट सैल करावा, रबराच्या मागच्या टोकाखाली, म्हणजे रबर आणि रिम यांच्यामध्ये, जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, ब्रेक दाबून धरावा आणि तशाच स्थितीत नट आवळून पुठ्ठा काढून घ्यावा. आवळताना रबर नटाबरोबर फिरू पाहते, म्हणून ते दुसऱ्या हाताने धरून ठेवावे. त्याची वरची कड टायरला लागता कामा नये. टायर घासला गेला तर तो फुटू शकतो.

डिस्क ब्रेकची गोष्ट वेगळी आहे. त्यात रबराऐवजी पॅड असतात आणि ते रिमऐवजी चाकाच्या मध्याशी बसवलेली धातूची चकती दाबतात. तेथे सततच्या किंकाळीचे नेहमीचे कारण म्हणजे तेल, आणि ते कधी आपल्याच बोटांचे असते. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण पॅडने तेल शोषून घेतले असेल तर ते बदलणेच बरे. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक अडकू न देता, सायकल जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबावा आणि असे वीसेक वेळा करावे. त्याने पॅडचा पातळ थर चकतीवर एकसारखा बसतो. पावसात भिजलेली डिस्क काही क्षण ओरडते आणि कोरडी होताच गप्प होते. त्यात बिघाड नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येणारी सर्र मात्र वाकलेल्या चकतीची असते.

धातूवर धातू घासल्याचा खरखरीत आवाज आला, तर रबर किंवा पॅड संपून त्यामागची पट्टी उघडी पडलेली असते. तेथून पुढे सायकल चालवू नये, हातात धरून न्यावी आणि रबर बदलण्यापूर्वी रिमच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. कड आतल्या बाजूस खोलगट लागली, तर रबरासोबत रिमही बदलावी लागेल.