जॉब आवळण्याआधी

[दृश्य: वर्कबेंचवर तुटलेला मशीन व्हाइस. कॅमेरा तुटलेल्या पृष्ठभागाजवळ.]

मशीन व्हाइसचा, म्हणजे कामाचा तुकडा (जॉब) दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या शिकंज्याचा, हा तुकडा जवळून बघा. फिक्स, म्हणजे न सरकणारा, जबडा बॉडीला जिथे मिळतो, त्या आतल्या कोपऱ्यातून तो निखळला आहे. निम्म्या भागावर काळपट गंज आहे, उरलेला निम्मा राखाडी, दाणेदार, ताजा. म्हणजे हा व्हाइस एका दिवसात तुटलेला नाही. कोपऱ्यात भेग पडली होती, तिच्यात कूलंट (कापताना सोडायचं थंड करणारं द्रव) मुरत होतं, आणि तशा व्हाइसवर रोज जॉब बांधले जात होते. शेवटच्या दिवशी फक्त उरलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सुटलं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं हे छोटं वर्कशॉप. आसपासच्या फाउंड्र्यांमधून ओतकाम येतं: पंपाच्या बॉडी, बेअरिंग हाउसिंग, ब्रॅकेट. मिलिंगवर एक बाजू साफ करायची, ड्रिलिंगवर भोकं मारायची, गाडी भरायची. पीस रेटचं, म्हणजे नगावर पैसे मिळणारं काम, त्यामुळे जॉब बांधायला जो वेळ जातो तो डोळ्यात खुपतो.

व्हाइसची बॉडीसुद्धा बिडाचीच. साधं बीड, म्हणजे ग्रे आयर्न, दाब चांगला सोसतं. ताण मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच. त्याच्या पोटात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात आणि ताण आला की भेग त्यांच्या टोकांपासून धावते. आता आवळताना काय होतं ते पाहा. जॉब दाबला जातो, पण तेवढ्याच जोराने बॉडी ताणली जाते आणि फिक्स जबडा मागे वाकू बघतो. सगळा भार येतो तो त्याच आतल्या कोपऱ्यावर.

तो भार किती? 250 मिलिमीटरचं हँडल, त्यावर हाताचा 30 किलोचा जोर आणि 5 मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा पुढे जाणारा, स्क्रू धरू. तीन-चतुर्थांश ताकद आट्यांच्या घर्षणात गेली तरी जबड्यावर दोन टनांहून जास्त दाब येतो. मिलिंगच्या नेहमीच्या कामाला, जॉब नीट बसला असेल, तर तो पुरतो. हँडलवर पाऊण मीटरचा पाइप चढवला की तोच आकडा सात टनांच्या घरात जातो.

मग पाइप चढतो का? कारण जॉब हलतो. आणि जॉब हलतो त्याचं कारण बहुतेक वेळा आवळण्यात नसून बसवण्यात असतं. आमच्या मते ही सगळी गोष्ट इथेच आहे.

[दृश्य: कच्चं ओतकाम व्हाइसमध्ये. जबडा आणि जॉब यांच्यामधली फट.]

पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, वाळूतून सुटावा म्हणून ओतकामाच्या बाजूंना थोडा उतार ठेवलेला असतो. एक-दोन अंशांचाच, डोळ्यांना दिसतही नाही. पण सपाट जबड्यात असा जॉब धरला की तो फक्त एका कडेवर टेकतो. त्यात पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे, राहिलेली फिन (पातळ कड), तिच्याखाली चिकटलेली वाळू. कितीही आवळा, पकड एका रेषेवरच. शिवाय सरकत्या जबड्याखाली थोडी ढील असतेच. स्क्रू खालून ढकलतो, जॉब वर अडवतो, आणि जबडा पुढच्या बाजूने किंचित उचलला जातो. त्याच्याबरोबर जॉबही पॅरललवरून, म्हणजे त्याच्याखाली ठेवलेल्या समांतर पट्ट्यांवरून, सुटतो.

हेल्पर पोरगा पॅरललला बोट लावून बघतो. "मामा, हलतंय की ओ अजून."

"मग आवळू नको. सोड. सोड आधी."

मिस्त्रींनी व्हाइस उघडला. कानशीने फिन काढली, ब्रशने चिप्स झाडल्या, बोटाने जबडा पुसला. जॉबची आधी मशीन केलेली बाजू फिक्स जबड्याला लावली. दुसऱ्या बाजूला, सरकता जबडा आणि जॉब यांच्यामध्ये, एक गोल बार आडवा धरला. जबड्यात जेवढी उंची बसली आहे तिच्या साधारण मध्यावर. आता उतार असो की जबडा उचललेला असो, दाब त्या एका रेषेतूनच जाणार आणि मशीन केलेली बाजू फिक्स जबड्याला सपाट चिकटणार. नुसत्या हँडलने आवळलं. नायलॉनच्या हातोड्याने वरून दोन ठोके. पोराने पुन्हा बोट लावलं: दोन्ही पॅरलल घट्ट. ठोक्यांनंतर परत आवळायचं नसतं, नाहीतर जॉब पुन्हा उचलला जातो.

मशीन केलेली एकही बाजू नसेल तर तो जॉब व्हाइसमध्ये घालूच नये. तीन ठिकाणी टेकू देऊन थेट टेबलावर घ्यावा आणि क्लॅम्पने बांधावा. टी-बोल्ट (टेबलाच्या खाचेत बसणारा बोल्ट) जॉबच्या जवळ असावा आणि मागचा ठोकळा जॉबपेक्षा किंचित उंच. बोल्ट ठोकळ्याकडे सरकला की क्लॅम्प जॉबऐवजी ठोकळाच दाबत बसतो.

छोटा जॉब जबड्याच्या एका टोकाला धरला असेल तर दुसऱ्या टोकाला त्याच मापाचं पॅकिंग घालायचं. नाहीतर सरकता जबडा तिरका होतो, त्याचे गाईड झिजतात आणि पुढचा प्रत्येक जॉब सैल बसतो.

जबड्याला खालीही ओढणारे व्हाइस मिळतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या कर्ट कंपनीचे अँगलॉक व्हाइस त्यासाठीच प्रसिद्ध आहेत: नटचा तिरका उतार अर्धगोलामार्फत जबडा पुढे नेतानाच खाली दाबतो. पैसे असतील तर एसजी आयर्नच्या (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या, चिवट बिडाच्या) बॉडीचा असा व्हाइस जरूर घ्यावा. तुटलेला व्हाइस निकेलच्या रॉडने वेल्ड करून परत मिलिंगवर चढवणं मात्र आम्हाला पटत नाही. वेल्डशेजारचं बीड कडक आणि ठिसूळ होतं, आणि त्याच्यासमोर माणूस उभा असतो.

[दृश्य: ड्रिलिंग मशीन. हाताने धरलेला ड्रिल व्हाइस.]

त्या माणसाला जास्त धोका या मशीनवर आहे. इथे व्हाइस सहसा बांधतच नाहीत, हाताने धरतात. ड्रिल भोकाच्या पार पडतं त्या क्षणी त्याची धार राहिलेल्या कडेत अडकते आणि जॉबसकट व्हाइस गरकन फिरतो. हातात मोजे असतील तर मोजाही ओढला जातो, म्हणून ड्रिलिंगवर मोजे नकोत. दोन टी-बोल्टने व्हाइस टेबलाला बांधायचा. प्रत्येक भोकासाठी सोडून-बांधून वेळ जात असेल, तर निदान डाव्या बाजूला टेबलावर एक पक्का अडसर बोल्टने बसवायचा. व्हाइस फिरायला लागला की त्याचं हँडल मनगटावर न येता अडसरावर आदळतं.