सरकलेली उत्तर

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैऋत्येकडचं शेपूट. त्या शेपटाच्या टोकाशी सेंट जस्ट नावाचं गाव आहे, आणि गावाखालच्या कड्यांवर बोटॅलॅक, लेव्हंट अशा जुन्या खाणी. बोटॅलॅकचा फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. खाली लाटा आपटताहेत आणि जरा वर, कड्याला बिलगून, दोन दगडी इंजिनघरं. बघणारा म्हणतो, काय जागा निवडली! अहो, जागा कसली निवडतात? कथिल आणि तांबं जिथे होतं तिथे जावं लागलं.

तिथे एका बाजूला ग्रॅनाइट, आणि त्याच्या उष्णतेने भाजून निघालेले जुने खडक दुसऱ्या बाजूला. दोन्हींना चिरत धातूच्या शिरा थेट समुद्राखाली शिरतात. या शिरांच्या आणि भेगांच्या रेषेवर खडक कच्चा असतो. लाटा नेमक्या तिथेच पोखरतात आणि कड्यात अरुंद घळ पडते. तिकडे तिला ‘झॉन’ म्हणतात. म्हणजे समुद्र आणि खाणकामगार, दोघांनी एकाच रेषेवर खणायला घेतलं. कड्यावरून खाली पाहताना कुठलं भोक कुणाचं, हे मलाही प्रत्येक वेळी सांगता आलं नाही, आणि मी आयुष्यभर खडकच शिकवले.

लेव्हंटची खाण समुद्राखाली दीड किलोमीटरहून लांब गेली होती. तिथे माणसं खाली-वर करायला एक अजब यंत्र होतं: खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीत वरखाली हलणारा लांबच लांब लाकडी दांडा, त्यावर पायऱ्या. एक हेलकावा झाला की दांड्यावरून बाजूच्या फळीवर पाय टाकायचा, पुढच्या हेलकाव्याला परत दांड्यावर. २० ऑक्टोबर १९१९ ला दांड्याचा वरचा जोड तुटला. ३१ माणसं गेली.

पण मला सांगायचंय ते व्हील ओल्सबद्दल. ‘व्हील’ म्हणजे कॉर्निश भाषेत खाण, चाकाशी त्याचा संबंध नाही. शेजारची व्हील ड्रिया ही खाण बंद पडून पाण्याने भरलेली होती. ती कुठवर आलीय हे नकाशात होतं, आणि मधे पुरेसा खडक शिल्लक आहे अशी खात्रीही होती. १० जानेवारी १८९३ ला कामगारांनी खडक फोडला आणि पलीकडचं पाणी आत आलं. आधी वारा आला, मेणबत्त्या विझल्या. मग काळोखात पाणी. १९ पुरुष आणि एक मुलगा. त्यांचे देह आजही तिथेच आहेत.

चूक होती होकायंत्राच्या हिशोबात. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा, नकाशावरची खरी उत्तर नव्हे, आणि ती वर्षागणिक सरकत असते. जुन्या मोजणीला नवी मोजणी जोडताना हा फरक धरायला हवा होता, तो धरला गेला नाही. एका अंशाची चूक शंभर मीटरवर पावणेदोन मीटर होते. फार वाटत नाही ना? पण तिथे मधली भिंतच खाऊन टाकायला तेवढं पुरतं, आणि फरक एका अंशावर थांबत नाही.

आज त्या पट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा आहे, २००६ पासून. कड्यावरून पायवाट जाते. जुन्या विहिरींवर कुठे दगडी कठडे, कुठे लोखंडी जाळ्या, वटवाघळांना ये-जा करता येईल अशा. जिथे पूर्वी नुसत्या फळ्या टाकून वर माती लोटली, तिथे फळ्या कुजतात आणि जोराच्या पावसानंतर जमीन खचते. बोटॅलॅकला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, गोळा करण्याच्या दगडी बोळांचे अवशेष आहेत. खनिज भाजताना निघणारा धूर त्या नागमोडी बोळांतून फिरवत, भिंतींवर पांढरी पूड बसे आणि माणसं आत शिरून ती खरवडत. अंगावर चिकणमाती फासून, नाकात कापूस घालून.

मी तिथे गेलो तेव्हा वाटेवर एक आजोबा नातवाला घेऊन चालले होते. पोरगं कठड्यापाशी थांबलं, आत खडा टाकला आणि आवाजाची वाट बघत बसलं. आजोबा काही बोलले नाहीत, नुसता त्याचा सदरा मागून घट्ट धरला.