पातेरा जाळू नका, पावसाळ्यासाठी भरून ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे कचऱ्याबद्दल, पण सुरुवात पावसापासून करावी लागेल. कोकण किनारपट्टीवर चार महिन्यांत सरासरी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मे अखेरपर्यंत परड्यात, गडग्याच्या कडेला, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पात्रात टाकलेलं सगळं निवांत पडून असतं. मृगाची पहिली मोठी सर आली की ते व्हाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं. जुलैच्या उधाणाला समुद्र ते परत आणून पुळणीवर टाकतो. घाटावरच्या गावात उकिरडा वर्षभर एका जागी राहतो. आपल्याकडे तो वाहता आहे.

म्हणून घाटावरचे उपाय इथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. खताचा साधा खड्डाच घ्या. जांभ्यात खणलेला खड्डा जूनमध्ये पाण्यानं भरतो, आणि जुलैत त्याचं काळं गटार होतं. खत करायचं नाडेपचं टाकं विदर्भातल्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तयार केलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच आणि भिंतींना झरोके. टाकं चांगलंच आहे. पण त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा असतो, आणि तो आपल्या पावसात आठवडाभरही टिकत नाही. वर पत्रा किंवा झापांचं छप्पर घातलं, विटांऐवजी चिरे फटी सोडून रचले आणि तळ जमिनीपासून वीतभर उचलला, तर तेच टाकं इथेही चालतं.

पावसानं खत नेमकं बिघडतं कशानं? कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. कचऱ्याच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायू आत पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतो. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. शेजारी तक्रार करतात, घरच्या खताचं पिंप बंद पडतं आणि कचरा पुन्हा व्हाळात जातो. घरच्या खताचे बहुतेक प्रयोग इथेच, आषाढात, संपतात.

यावरचं औषध परड्यातच पडलेलं असतं. माघापासून वैशाखापर्यंत आंबा, फणस, काजू पानं गाळतात. तो पातेरा आपण झाडून ढीग करतो आणि संध्याकाळी काडी लावतो. एक वेळ भाताच्या तरव्याला, म्हणजे रोपांच्या वाफ्याला, पालापाचोळ्याचा राब भाजायचा तर ती गोष्ट वेगळी, पण अंगणातला पातेरा जाळणं म्हणजे पावसाळ्याची बेगमी जाळणं. सुका पाला दोन कामं करतो. जादा पाणी शोषतो आणि ढिगात पोकळ्या ठेवतो. शिवाय त्यात कर्ब भरपूर असतो. चांगल्या कुजण्याला एक भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कर्ब लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात तो पंधरा-वीस भाग असतो, मासळीच्या घाणीत जेमतेम चार-पाच, आणि सुक्या पानांत पन्नास-साठ.

आता हिशोब करू. पाच माणसांच्या घरात रोज सव्वा किलोच्या आसपास ओला कचरा निघतो, म्हणजे पावसाच्या 120 दिवसांत दीडशे किलो. वजनानं तीन भाग कचऱ्याला एक भाग सुका पाला धरला की पन्नास किलो पाला हवा. चुरडून, दाबून भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात सहा-सात किलो मावतो. म्हणजे आठ पोती, आणि अंदाज चुकला तर असावीत म्हणून दोन वरकड. इतका पाला दोन मोठ्या कलमांखाली सहज मिळतो.

पाला चुरडूनच भरा. आंब्याचं पान मेणचट असतं आणि काजूचं चिवट. ती अख्खी घातली तर थरावर थर चिकटून छपरासारखं पाणी अडवतात. उन्हात कडकडीत वाळवून पायाखाली तुडवली की पुरे. समुद्राकाठी सुरूच्या काड्या मिळतात. हवा खेळायला त्या उत्तम, पण कुजायला सावकाश, म्हणून चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नकोत. पोती तोंड बांधून, फळीवर, चुलीपासून लांब ठेवा. जमिनीवर मोकळा ढीग घालू नका. पातेऱ्यात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, बसतं, आणि पानांच्या रंगात ते दिसत नाही. पोत्यात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायची सवय लावून घ्या.

पिंप म्हणाल तर दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं चालेल, झाकणासकट. एक नाही, दोन घ्या. एक भरत असताना दुसरं मुरत राहतं. बाजूंना वीत-वीत अंतरावर 12 मिलिमीटरची भोकं पाडा, तळाला सहा. पिंप तीन चिऱ्यांवर, पडवीच्या वळचणीपासून आत ठेवा. वळचणीखाली ठेवलं तर पागोळ्यांचं पाणी भोकांतून आत जातं, आणि ही चूक नेहमी होते. खाली एक घमेलं ठेवा. विहिरीपासून पन्नास फूट तरी अंतर हवं, कारण जांभा सच्छिद्र आहे आणि श्रावणात विहिरीचं पाणी हाताला लागतं. तळातून पाझरलेलं काळं पाणी त्यात उतरायला वेळ लागत नाही.

पिंपाच्या तळाशी वीतभर काटक्या आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला. त्यावर चार बोटं चुरडलेला पाला आणि त्यावर दोन ओंजळी जुनं खत. जुनं खत नसेल तर ताज्या शेणाचा काला. मग रोजचा क्रम सोपा आहे. कचरा रात्रभर चाळणीत निथळू द्यायचा. सकाळी एक डबा कचरा आणि त्याच मापानं दोन डबे पाला घालून हलवायचं, वर पाल्याचा पातळ थर पसरून झाकण लावायचं. माप डब्याचंच ठेवा, रोज वजन करत बसायला कोणाला वेळ आहे? आठवड्यातून एकदा बांबूनं तळापासून ढवळा. मूठभर घेऊन घट्ट पिळा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाला कमी पडला. मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा, पण ती वेळ एप्रिल-मेमध्येच येते.

वासावरून रोग ओळखता येतो. नाकाला झोंबणारा, गोठ्यात येतो तसला वास असेल तर नत्र जास्त झालंय, पाला वाढवा. सडकी दुर्गंधी असेल तर हवा नाही, सगळं उपसून काटक्या घालून पुन्हा भरा. मोठ्या चपट्या, भुरकट अळ्या वळवळताना दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्यानं संपवतात आणि ती माशी आपल्या अन्नावर येऊन बसत नाही. मुंग्या लागल्या म्हणजे आत कोरडं आहे. उंदीर-घुशी येतात त्या शिजवलेल्या भाताला, म्हणून भात-आमटी वर न टाकता मधोमध खळगा करून पुरा.

एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. घरच्या पिंपाला मोठ्या ढिगासारखी ऊब येत नाही. मोठा ढीग 55-60 अंशांवर जातो, पिंप चाळिशीच्या पुढे फारसं सरकत नाही. त्यामुळे टोमॅटो-भोपळ्याच्या बिया जिवंत राहतात आणि आजारी झाडाची पानं त्यात घालणं शहाणपणाचं नाही. उन्हाळ्यात खत दोन महिन्यांत तयार होतं, पावसाळ्यात तीन धरा. मग चार मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. वर राहील ते पुढच्या पिंपाला विरजण.

आता मासळीकडे वळू. सरकारी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते, त्यामुळे ऐन पावसात ताजी मासळी कमी येते. ऑगस्टमध्ये ती परत सुरू होते, तेव्हा पाऊस असतोच. कल्ले, आतडी, खवले थेट पिंपात टाकले तर एका मासळीच्या घाणीला चार-पाच पट पाला लागतो, आणि तरी मांजरं झाकण पाडतात. त्यापेक्षा दोन वाटा बऱ्या. परडं असेल तर माडाच्या बुंध्यापासून चार-पाच फुटांवर दीड फूट खोल खळगा करून पुरा, वर पाला, त्यावर माती आणि सगळ्यात वर एखादा चिरा. चिरा विसरलात तर रात्री कुत्री उकरतात. परडं नसेल तर मासळीची घाण आणि गूळ सारख्या वजनानं बरणीत कालवा. बरणी दोन तृतीयांशच भरा, तोंडाला फडकं बांधा आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. गूळ कमी केला की ते आंबत नाही, सडतं, आणि गुळात काटकसर करणाऱ्यांचीच बरणी फसते. गाळलेलं पाणी लिटरला पाच मिलिलिटर एवढंच घालून पालेभाजीवर फवारता येतं. सुक्या मासळीची डोकी मात्र जपून घाला, त्यात मीठ असतं आणि ते खतात साठत जातं.

माडाचा कचरा हा मुळात कचराच नव्हे. सोडणं माडाच्या आळ्यात, पोकळ बाजू वर करून थरांनी पुरली तर पाच-सहा वर्षं ओल धरून ठेवतात. उपडी घातली तर हा उपयोग उरत नाही. अडचण शहाळ्याची आहे. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांमागे शहाळ्यांचा डोंगर असतो. एकेका शहाळ्यात वाटीभर पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला आठ-दहा दिवस पुरतात. कोयत्यानं चार फाका केल्या की पाणी साचत नाही, वाळायलाही सोपं. टपरीवाल्यांना हे एवढंच सांगा: गिऱ्हाइकानं शहाळं खाली ठेवलं की लगेच फोडायचं, रात्रीवर ढकलायचं नाही. आंब्याचे बाठे पिंपात वर्षभर तसेच राहतात. रोपवाटिकेवाल्यांना कलमं बांधायच्या खुंट-रोपांसाठी ताजे बाठे हवे असतात, पण महिन्याभरात त्यांची रुजण्याची ताकद ओसरते. तेव्हा द्यायचे तर मे-जूनमध्येच.

खानावळी आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांनी बायोगॅसचा विचार करावा. दहा किलो उष्ट्या-खरकट्यातून साधारण एक घनमीटर वायू मिळतो, म्हणजे सिलिंडरमधला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम गॅस. तेल आणि मासळी जास्त झाली की टाकी आंबट होते आणि वायू थांबतो. मग आठवडाभर फक्त शेण घालून ती पुन्हा ताळ्यावर आणावी लागते.

सुक्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. प्लास्टिक विकलं का जात नाही, याचं उत्तर भाड्यात आहे. मोकळ्या प्लास्टिकचा एक घनमीटर भरतो 25-30 किलो. छोटा टेम्पो काठोकाठ भरला तरी शंभर-सव्वाशे किलो जातं, आणि भाडं सबंध टेम्पोचं पडतं. ते घेऊन आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं तर भंगाराच्या पैशांत डिझेलही सुटत नाही. तेच दाबयंत्रानं गठ्ठे केले तर घनमीटरला 200 ते 300 किलो बसतं. एका ग्रामपंचायतीला दाबयंत्र परवडत नाही आणि तिच्याकडे तेवढा मालही नसतो. पाच-सहा गावांनी मिळून एक शेड, एक यंत्र, हाच हिशोब जमतो. शेड मात्र हवीच. भिजलेल्या मालाचा भाव पडतो. वेंगुर्ला नगरपरिषदेनं बारकाईनं वर्गवारी करून हे जमवलं. तिथल्या कचरा डेपोचीच बाग झाली आहे, आणि प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरले गेले. रस्त्यासाठी डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के प्लास्टिक लागतं, तेही पिशव्यांचं आणि कोरडं. पीव्हीसी जातीचं प्लास्टिक त्यात चालत नाही.

घरात करायचं काम लहान आहे. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कुठल्याच वर्गवारीत सापडत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी विसळून दोरीवर वाळत घाला. वेफर्सची चकचकीत पाकिटं भंगारवाला घेत नाही, ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून द्यायला वेगळी साठवावी लागतात. आणि तरवा भाजताना राबात प्लास्टिक ढकलू नका. त्याचा धूर तुमच्याच श्वासात जातो आणि राख तुमच्याच भाताच्या रोपांत.

आता राहिले गणपती. चाकरमानी आले की चार माणसांचं घर बारा-पंधरांचं होतं, ओला कचरा तिप्पट होतो आणि भाद्रपदात पाऊस असतोच. म्हणून मुरलेलं पिंप श्रावण संपायच्या आत उपसून रिकामं ठेवा आणि चार पोती पाला त्यासाठीच बाजूला काढा. निर्माल्यातले दोरे, थर्माकोल, प्लास्टिकचे हार आधी वेगळे करा. फुलं, पत्री आणि दुर्वा कात्रीनं बारीक करूनच घाला. लांब दुर्वांचं जाळं होतं आणि मग बांबू फिरत नाही.

नमस्कार.