जाऊन येते म्हणाले होते

नमस्कार श्रोतेहो. मी टोकियोहून बोलतेय, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईमधून. पुण्याहून मला सारखे मेसेज येतात, की तुझे आईबाबा तिकडेच आहेत, तुला जपानी येतं, बी.एड. झालंय, मग शिक्षिकेची नोकरी मिळायला अडचण काय? तर अडचण कुठे येते आणि वाट कुठून निघते ते आज सगळं सांगते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझं निम्मं वर्ष तरी वाचलं असतं.

आधी थोडं घराबद्दल. बाबा 2003 मध्ये आयटीच्या कामासाठी इथे आले तेव्हा मी दोन वर्षांची होते. 2000 च्या आसपास, वायटूकेच्या वेळी, म्हणजे 2000 साल लागताच कम्प्युटर तारखा चुकवतील म्हणून दुरुस्तीचं काम निघालं होतं तेव्हा, बरेच भारतीय इंजिनियर टोकियोत आले आणि निशी-कासाईला राहायला लागले, कारण इथून तोझाई लाइनची लोकल पकडली की थेट ओतेमाचीला बँका आणि मोठ्या ऑफिसांपाशी उतरता येतं, आणि दुसरं म्हणजे इथे यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या इमारती आहेत, तिथे घर घ्यायला गॅरंटर लागत नाही आणि रेइकिन पण नाही, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची ती रक्कम जी कधीच परत मिळत नाही. परक्या देशात नवीन माणसाला गॅरंटर कोण होणार? म्हणून सगळे इथे. मी सहावीपर्यंत जपानी सरकारी शाळेत शिकले, मग सातवीपासून सीबीएसईच्या भारतीय शाळेत, अशा शाळा टोकियोत 2004 आणि 2006 मध्ये सुरू झाल्या. आणि 2019 ला बारावी झाल्यावर पुण्याला मावशीकडे, बी.ए. इंग्लिश आणि मग बी.एड.

निघताना नारिता विमानतळावर मी आईला म्हणाले जाऊन येते, आणि धाकट्या भावाला म्हणाले इत्ते किमासु. आता बघा, जपानीत घरातून बाहेर पडताना हेच म्हणतात आणि त्याचा अर्थ शब्दाला शब्द तोच आहे, जाऊन येते. आपल्याकडे आजी जशी नुसतं जाते म्हटलं की रागावते तसंच. आणि परत आल्यावर तादाइमा म्हणायचं, घरातलं माणूस म्हणतं ओकाएरी. ऑगस्ट 2024 मध्ये मी परत आले तेव्हा भाऊ विमानतळावर उभा होता, माझ्यापेक्षा उंच झालेला, आणि तो म्हणाला ताई, ओकाएरी. मला तिथेच रडू आलं. कोरोनात दोन वर्षं मी घरी येऊ शकले नव्हते हो, आणि त्या काळात त्याचं मराठी निम्मं गेलं होतं, आई मराठीत विचारते तो जपानीत उत्तर देतो, अजूनही तसंच चाललंय.

आता कागदांचं, आणि हे इथे वाढलेल्या मुलांच्या आईबाबांनी तर नक्कीच ऐका. आमच्या घराला 2014 मध्ये पर्मनंट रेसिडन्स मिळालं. ते असलं तरी परदेशी शिकायला जाताना री-एंट्री परमिट, म्हणजे परत यायची परवानगी, काढावं लागतं, ते जास्तीत जास्त 5 वर्षांचं मिळतं. विमानतळावर देश सोडताना भरायच्या छोट्या कार्डवर नुसती टिक करून गेलात तर ती सवलत फक्त 1 वर्षाची, आणि ती परदेशात बसून वाढवता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने टिक केली आणि शिकायला गेला, वर्ष उलटून गेलं आणि त्याचं स्टेटसच गेलं, मग ज्या देशात तो लहानाचा मोठा झाला तिथे त्याला नव्याने व्हिसा घेऊन यावं लागलं. आईने माझं परमिट वेळेत काढलं म्हणून मी वाचले, एकदा सुट्टीत आले तेव्हा ते नवीन करून घेतलं. आणि आल्यावर 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसमध्ये पत्ता नोंदवायचा, तिथेच हेल्थ इन्शुरन्स, आणि वीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला नेनकिन म्हणजे पेन्शनचे हप्ते लागू होतात, पगार नसेल तर हप्ता माफ करायचा किंवा पुढे ढकलायचा अर्ज असतो तोही तिथेच मागून घ्या, कुणी आपणहून देईलच असं नाही.

मग नोकरी. पहिली गोष्ट म्हणजे वेळ चुकलेली. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, नोकऱ्याही एप्रिलपासून, आणि त्यासाठीच्या मुलाखती थंडीतच उरकतात. आपल्याकडे निकाल जूनमध्ये म्हणता म्हणता ऑगस्ट उजाडतो. मी मार्कशीट घेऊन आले तेव्हा सगळ्या शाळा भरलेल्या होत्या. तुमचं शेवटचं वर्ष चालू असेल तर नोव्हेंबरपासूनच अर्ज टाकायला लागा, मार्कशीट नंतर देईन म्हणून सांगा, चालतं बऱ्याच ठिकाणी.

मला वाटायचं की बी.एड. झालंय म्हणजे मी शिक्षिका. इथे तसं नाही. जपानी शाळेत वर्ग आपला म्हणून घ्यायचा तर मेंक्यो म्हणजे शिक्षकाचं लायसन्स लागतं, ते इथल्या युनिव्हर्सिटीत ठरलेले क्रेडिट्स करून मिळतं, भारतातली बी.एड. दाखवली की आपोआप मिळत नाही. 1988 पासून एक तोकुबेत्सु मेंक्यो आहे, खास लायसन्स, ज्यांच्याकडे विषयाचं ज्ञान आहे पण इथली ट्रेनिंग नाही त्यांच्यासाठी, पण ते आपण आपलं जाऊन मागता येत नाही, जी शाळा किंवा शिक्षण मंडळ आपल्याला ठेवणार आहे त्यांनी शिफारस करावी लागते. म्हणजे लायसन्ससाठी आधी कुणीतरी आपल्याला हवं म्हणायला पाहिजे. आणि नागरिकत्वाचा प्रश्न वेगळाच. 1991 मध्ये इथल्या कोरियन लोकांबद्दल जपान आणि दक्षिण कोरियात जे ठरलं त्यानंतर परदेशी नागरिकांना देशभर सरकारी शिक्षकभरतीची परीक्षा देता यायला लागली, पण पास झालं तरी बहुतेक ठिकाणी क्योयु हे पूर्ण शिक्षकाचं पद देत नाहीत, जोकिन कोशी म्हणजे कायम पण लेक्चरर म्हणून ठेवतात, काम साधारण तेच, वर्ग तोच, फक्त वरची पदं बंद. हे मला मनापासून खटकतं. इथेच जन्मलेल्या वाढलेल्या कोरियन कुटुंबातल्या शिक्षकांनी आयुष्यं घालवली आहेत या एका शब्दापायी.

पण त्याच वेळी दुसरी गोष्टही खरी आहे. योगेंद्र पुराणिक, आपले मराठी माणूस, त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं, 2019 मध्ये याच एदोगावा वॉर्डातून निवडून आले, 2022 मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा फर्स्ट हायस्कूलचे उपमुख्याध्यापक झाले आणि 2023 च्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापक. मी तेव्हा बी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, आईने बातमीचा फोटो पाठवला आणि खाली फक्त लिहिलं होतं, बघ. तो फोटो मी हॉस्टेलच्या कपाटावर चिकटवला होता, मावशीकडून नंतर हॉस्टेलला गेले होते ना मी.

बरं, लायसन्स नसलं तर काय करता येतं? एएलटी, म्हणजे इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाबरोबर उभं राहणारा असिस्टंट. 1987 पासून सरकारचा जेट प्रोग्रॅम आहे पण त्याचा अर्ज आपापल्या देशातल्या जपानी वकिलातीतून करायचा असतो, इथे घरी बसून नाही, त्यामुळे ज्यांना जमेल त्यांनी भारतात असतानाच विचार करा. इथे मग उरतात कंपन्या, ज्या शाळांना माणसं पुरवतात. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, तिसरी-चौथीलाही इंग्रजीचे तास असतात, त्यामुळे माणसं लागतात भरपूर. मी रिरेकिशो भरला, हा इथला ठरलेला बायोडाटा, त्यावर तीन बाय चार सेंटिमीटरचा फोटो काळ्या सुटातला, आणि वर्षं जपानी पद्धतीने, म्हणजे 2001 चा जन्म लिहायचा हेइसेई 13 आणि 2024 ची बी.एड. रेइवा 6. एक अक्षर चुकलं की पूर्ण कागद नवा, खाडाखोड चालत नाही, मी रात्री डायनिंग टेबलावर बसून लिहायचे आणि भाऊ कांजी म्हणजे जपानी अक्षरं तपासायचा.

एका कंपनीत मुलाखत झाली, डेमो लेसन झाला, त्यांना आवडला. मग बाईंनी विचारलं तुमची मातृभाषा कोणती. मी म्हटलं मराठी. त्यांनी एक तक्ता काढला. इमिग्रेशनचा नियम असा आहे की परदेशी भाषा शिकवायच्या व्हिसासाठी त्या भाषेतून 12 वर्षं शिक्षण झालेलं लागतं. माझ्या पर्मनंट रेसिडन्सला तो नियम लागूच होत नाही, पण कंपनी सगळ्यांना तोच तक्ता लावते. आम्ही दोघींनी मोजलं. सातवी ते बारावी सहा, बी.ए. तीन, बी.एड. दोन. अकरा. सहावीपर्यंत मी जपानी शाळेत होते ना. म्हणजे ज्या शाळांत मला शिकवायचं होतं त्याच शाळेत शिकले म्हणून माझं एक वर्ष कमी पडलं. त्या बाईंना पण वाईट वाटलं, त्यांनी दोनदा मान झुकवून माफी मागितली. पण उत्तर नाहीच आलं. म्हणजे आलं, ओइनोरी मेल. नकाराच्या पत्राच्या शेवटी इथे लिहितात की आपल्या पुढच्या यशासाठी आम्ही प्रार्थना करतो, म्हणून त्याला प्रार्थनेचं मेल म्हणतात. अशी नऊ मेल आली मला. दुसऱ्या दोन ठिकाणी तर नेटिव्हच हवा असं सरळ सांगितलं. भारतीय शाळांत बी.एड.ला मान आहे पण त्या वर्षी जागा होती गणिताची.

त्या दिवसांत आई काही बोलायची नाही. सकाळी चहा ठेवायची आणि म्हणायची आज कुठे जायचंय? जसं काही रोज कुठेतरी जायचंच आहे. बाबा म्हणायचे आयटीत ये, ट्रेनिंग देतात. मला नव्हतं जायचं. मला वर्गच हवा होता.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे ही, की याच देशात शिक्षक मिळत नाहीयेत. 2021 मध्ये सरकारनेच मोजलं तेव्हा वर्ष सुरू व्हायच्या दिवशी सरकारी शाळांत 2,558 शिक्षक कमी होते. जे आहेत ते रात्री उशिरापर्यंत शाळेत, कारण 1971 च्या कायद्याने ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या फक्त 4 टक्के भत्ता मिळत आला, 2025 मध्ये कायदा बदलला आणि तो हळूहळू 10 टक्क्यांवर न्यायचं ठरलं.

शेवटी वाट निघाली ती मी कधी विचारच केला नव्हता अशा ठिकाणाहून. हॅलो वर्क म्हणजे इथलं सरकारी रोजगार ऑफिस, तिथल्या काकांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, तुम्हाला हिंदी येतं? मराठी येतं? जपानी शाळेची माहिती आहे? मग तुम्ही इंग्रजीच का शोधताय? परदेशातून आलेली जी मुलं जपानी न येता शाळेत दाखल होतात त्यांच्या शेजारी बसून शिकवणारी माणसं लागतात, शिक्षण मंडळं ती ठेवतात, 2020 पासून अशा एक-एक वर्षाच्या नेमणुकांची वेगळी पद्धत आहे. दर मार्चला पुढच्या वर्षीचं कळतं, पगार तासावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत तास कमी. संध्याकाळी मी लहान मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते म्हणून महिना निघतो. पण 2025 च्या एप्रिलपासून मी शाळेत जाते श्रोतेहो. एकीकडे इथल्या युनिव्हर्सिटीचे पत्रद्वारा क्रेडिट्स पण चालू केलेत, मेंक्योसाठी, तीनेक वर्षं लागतील.

या एप्रिलला तिसरीत एक मुलगा आला, नाशिककडचा. जपानीचं एक अक्षर येत नाही. आईबरोबर गेनकानमध्ये उभा, जिथे बुटांचे खण असतात, आणि आईचा दुपट्टा सोडायलाच तयार नाही. त्या ताईंना काळजी की डब्याचं काय, कारण शाळेच्या जेवणात जवळजवळ सगळ्यातच माशाचा अर्क असतो आणि घरी शाकाहारी, तर मी म्हटलं डबा चालतो, मी शाळेशी बोललेय, आमची आई सहा वर्षं मला द्यायची. मग मी त्याच्यापाशी खाली बसले आणि विचारलं घरातून निघताना आजीला काय म्हणतोस? तो म्हणाला, येतो. मी म्हटलं, इथे पण तेच म्हणतात, फक्त आवाज वेगळा आहे. इत्ते किमासु.

पहिले आठ दिवस तो गप्प. नवव्या दिवशी गेनकानमध्ये त्याने दुपट्टा सोडला, मागे न बघता हळूच म्हणाला इत्ते किमासु, आणि धावत जिना चढायला लागला, पायात बाहेरचेच बूट. मी त्याचे पांढरे उवाबाकी, शाळेत आत घालायचे बूट, हातात घेऊन त्याच्या मागे पळाले.