बरणीतल्या ३६६ तारखा

(दृश्य : सकाळ. न्यू जर्सीतल्या एका मराठी घराची पायरी. पायरीवर कपड्यांच्या तीन पिशव्या.)

आपल्या लहानपणी दारावर बोहारीण यायची. आईच्या दोन साड्या, बाबांची एक पँट, आणि अर्धा तास घासाघीस करून पदरात पडलेलं एक स्टीलचं पातेलं. इथे न्यू जर्सीत गाडी येते. आधी तारीख ठरवायची, पिशवीवर जाड मार्करनं 'व्हीव्हीए' अशी तीन अक्षरं लिहायची, ती पायरीवर ठेवायची आणि ऑफिसला निघून जायचं. संध्याकाळी परत येईपर्यंत पिशवी गेलेली असते. पातेलं नाही, पण देणगीची पावती मिळते.

एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे भागातल्या कितीतरी मराठी घरांतून मुलांना आखूड झालेले कोट आणि एका लग्नापुरते शिवलेले सूट असे या गाडीतून गेले आहेत. मीही वर्षानुवर्षं पिशव्या ठेवत आलो. ही तीन अक्षरं कुणाची, हे विचारावंसं वाटायला मात्र बराच काळ जावा लागला.

व्हीव्हीए म्हणजे व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका, म्हणजे व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी माजी सैनिकांची संघटना. आपले कपडे घाऊक विकले जातात आणि त्या पैशावर संघटनेची कामं चालतात. देशभर तिच्या शेकडो शाखा आहेत. आज आपण अशाच एका शाखेतल्या म्हाताऱ्यांबरोबर थोडा वेळ घालवणार आहोत.

(दृश्य : गार्डन स्टेट पार्कवे, एक्झिट ११६. होमडेलचं स्मारक.)

एक्झिट ११६ आपल्या लोकांना माहीत असते, ती उन्हाळ्यातल्या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांसाठी. पीएनसी बँक आर्ट्स सेंटर इथेच आहे. त्याच आवारात न्यू जर्सीचं व्हिएतनाम स्मारक आहे. गाडी लावून आपण सरळ कार्यक्रमाकडे जातो, त्यामुळे ते बघायचं राहून जातं.

उघड्या आभाळाखाली एक मोठं वर्तुळ आहे. त्यात काळ्या ग्रॅनाइटच्या ३६६ शिळा, प्रत्येक माणसापेक्षा उंच. वर्षाच्या प्रत्येक दिवसाची एक शिळा, २९ फेब्रुवारीचीसुद्धा. या राज्यातला सैनिक ज्या तारखेला गेला, त्या तारखेच्या शिळेवर त्याचं नाव. एकूण दीड हजारांहून जास्त नावं आहेत. मधोमध रेड ओकचं झाड आहे, तो या राज्याचा राज्यवृक्ष.

हे स्मारक ७ मे १९९५ रोजी खुलं झालं. त्याचा आराखडा केला हिएन न्ग्वेन या वास्तुरचनाकारानं. नावावरून कळलंच असेल, तो मूळचा व्हिएतनामचा. १९७५ मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत आला. ज्या युद्धानं त्याचा देश सुटला, त्या युद्धातल्या अमेरिकी मृतांसाठी दगड कसे मांडायचे, हे त्यानं ठरवलं.

शाळेची बस आली की शाखेतले स्वयंसेवक पुढे होतात. सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, टोपीवर पलटणीचं नाव. मुलं वर्तुळात शिरतात आणि एकच गोष्ट करतात. आपापला वाढदिवस शोधतात. आरडाओरडा, धावपळ. शिक्षिका गप्प बसवायला जातात, तर आमचे स्वयंसेवक आजोबा हातानंच 'राहू द्या' म्हणून खुणावतात. सगळ्यांना आपापली तारीख सापडली की मग ते बरणीची गोष्ट सांगतात.

(दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रफीत. काचेची बरणी, त्यात हात घालणारी माणसं.)

१ डिसेंबर १९६९. सक्तीच्या सैन्यभरतीत कुणाला आधी बोलवायचं, याची सोडत. वॉशिंग्टनमध्ये काचेची एक मोठी बरणी, तिच्यात निळ्या प्लास्टिकच्या ३६६ डब्या. प्रत्येक डबीत एक तारीख. भिशीची चिठ्ठी काढावी तशी एकेक डबी उचलली जात होती आणि सगळा देश टीव्हीवर बघत होता. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० या काळात १४ सप्टेंबरला जन्मलेल्या मुलांना सैन्याचं बोलावणं सगळ्यात आधी. शेवटची निघाली ८ जून. त्या दिवशी जन्मलेल्यांनी किती मोठा श्वास सोडला असेल! प्रत्यक्षात १९५ क्रमांकापर्यंतच्या तारखा बोलावल्या गेल्या.

आणि ही बरणी नीट हलवलीच नव्हती. डब्या महिन्यांच्या क्रमानं भरल्या होत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांच्या तारखा आधी निघण्याकडे कल राहिला. संख्याशास्त्रज्ञांनी हे लगेच दाखवून दिलं. आपल्याकडे भिशीत असं झालं असतं तर बायकांनी तिथल्या तिथे पुन्हा चिठ्ठ्या टाकायला लावल्या असत्या.

हे ऐकल्यावर मुलं आपल्या तारखेच्या शिळेकडे पुन्हा एकदा बघतात. या वेळी आरडाओरडा होत नाही.

(दृश्य : ३० नोव्हेंबरची शिळा. जवळून.)

या शिळेवर एका परिचारिकेचं नाव आहे. कॅप्टन एलिनॉर ग्रेस अलेक्झांडर. दुसऱ्या ठिकाणी जखमींची गर्दी झाली म्हणून ती मदतीला गेली होती आणि परत येताना विमान कोसळलं. साल १९६७, वय २७. न्यू जर्सीच्या या सगळ्या नावांतली ती एकटी स्त्री.

(दृश्य : संध्याकाळ. एका सभागृहात मांडलेल्या घडीच्या खुर्च्या.)

महिन्याची बैठक. आत येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो, 'वेलकम होम.' युद्ध संपून पन्नास वर्षं उलटली तरी व्हिएतनामचे सैनिक एकमेकांना हेच म्हणतात. कारण परतले तेव्हा बहुतेकांना हे कुणी म्हटलंच नाही.

आपल्या साताऱ्याकडे आपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. रजेवर आलेला जवान एसटीतून उतरला की निम्मं गाव ओळख द्यायला येतं. इथे काय झालं? अख्खी पलटण एकत्र गेली आणि एकत्र परतली, असं या युद्धात नव्हतं. प्रत्येकाची मुदत वेगळी. लष्कराच्या माणसाची साधारण बारा महिने, मरीनची तेरा. मुदत भरली की एकट्यानं विमानात बसायचं. परवा भाताच्या खाचरात, आज आईच्या स्वयंपाकघरात. आणि बाहेर देश या युद्धावर इतका चिडलेला, की तो राग युद्ध लादणाऱ्यांवर काढायचा की लढून आलेल्यांवर, याचं भान पुष्कळांना राहिलं नाही. जुन्या माजी सैनिक संघटनांतही दुसऱ्या महायुद्धाची पिढी बसलेली होती. तिथे आपण उपरे ठरलो, असं यांच्यातले कितीतरी जण सांगतात.

बॉबी म्युलर हा मरीनमधला तरुण अधिकारी १९६९ मध्ये पाठीच्या कण्याला गोळी लागून कायमचा चाकाच्या खुर्चीत बसला. त्यानं १९७८ मध्ये ही संघटना उभी केली. तिचं ब्रीदवाक्य साधारण असं : माजी सैनिकांची एक पिढी दुसऱ्या पिढीला पुन्हा कधीही वाऱ्यावर सोडणार नाही. 'पुन्हा' या शब्दात सगळा राग आहे.

सभागृहाच्या कोपऱ्यात एक लहान टेबल मांडलेलं असतं. पांढरी चादर, एक गुलाब, ताटलीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, रिकामी खुर्ची. जे परत आले नाहीत आणि ज्यांचा देहही सापडला नाही, त्यांच्यासाठी. लिंबू म्हणजे वाट्याला आलेला कडवटपणा, मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू. आपल्याकडे पितरांचं पान वाढतात, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

व्हिएतनाम युद्धातल्या दीड हजारांहून अधिक अमेरिकींचा पत्ता अजून लागलेला नाही. वॉशिंग्टनला या युद्धाचं राष्ट्रीय स्मारक आहे, त्याच्या काळ्या भिंतीवर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत. मृत्यू निश्चित झालेल्या नावापुढे पत्त्यांतल्यासारखी चौकट, बेपत्ता असलेल्यापुढे क्रूस. अवशेष सापडून ओळख पटली की त्या क्रूसावरच चौकट कोरतात.

या कामातली एक बाजू मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते. १९९४ पासून या संघटनेची शिष्टमंडळं व्हिएतनामला जातात आणि तिथल्या माजी सैनिकांना भेटतात. जाताना काय नेतात? लढाईत मेलेल्या व्हिएतनामी सैनिकांच्या खिशातून तेव्हा उचललेल्या वस्तू. डायऱ्या, फोटो, पत्रं. आणि त्यांना कुठे पुरलं, याचे हातानं काढलेले नकाशे. त्या बाजूचे बेपत्ता तीन लाखांच्या घरात आहेत. पन्नास वर्षं एखाद्याच्या माळ्यावर पडून राहिलेली डायरी म्हातारपणी खाली उतरते आणि शाखेच्या टेबलावर येते. ती उचलणाऱ्यानं तेव्हा का उचलली, हे त्या टेबलावर सहसा कुणी विचारत नाही.

(दृश्य : फायली, चष्मा, फॉर्म भरणारा सुरकुतलेला हात.)

बैठकीचा बराच वेळ मात्र जातो आजारपणावर. आणि कागदांवर.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली. झाडांची पानं झडावीत आणि लपलेला शत्रू दिसावा म्हणून. त्यातल्या सगळ्यात जास्त वापरलेल्याच्या पिंपावर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून नाव एजंट ऑरेंज. त्यात डायॉक्सिन हे विष होतं. पानं झडली, आणि ते विष खालून चालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या, आणि गावकऱ्यांच्याही, अंगात गेलं.

सरकारनं हे मानायला १९९१ उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्यानं एक मोठी सोय केली. विष नेमकं कुठे अंगावर पडलं, हे सैनिकानं सिद्ध करत बसायचं नाही. तो तिथे होता आणि त्याला यादीतला आजार झाला, एवढं पुरे. मग ती यादी वाढत गेली, इंचाइंचानं. मधुमेह २००१ मध्ये, पार्किन्सन्स आणि हृदयविकार २०१० मध्ये, मूत्राशयाचा कर्करोग २०२१ मध्ये. किनाऱ्याजवळच्या जहाजांवर असलेल्या नौसैनिकांना २०१९ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. रक्तदाब आला २०२२ मध्ये. यादीत आपला आजार येईपर्यंत माणूस असावा लागतो, ही यातली खरी मेख.

म्हणून शाखेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस झेंडा धरणारा नव्हे. दाव्यांचे कागद करून देणारा. तालुक्याच्या कचेरीबाहेर सात-बाराचे अर्ज लिहून देणारे असतात ना, तसा. कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतं. तो आधी 'डीडी-२१४' मागतो, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला. मग डॉक्टरांचे अहवाल. मग फॉर्म. दावा फेटाळला गेला तर अपील. आणि जो आलेला असतो तो पुष्कळदा सैनिक नसतो. त्याची बायको असते, नवरा गेल्यानंतर आलेली.

मुलांचा प्रश्न त्याहून अवघड. वडील सैनिक असतील तर सरकार मुलांमधला फक्त स्पायना बिफिडा हा मणक्याचा जन्मजात दोष मानतं. आई सैनिक असेल तर जन्मजात दोषांची लांबलचक यादी मानली जाते. आता नातवंडं झाली. कुणाच्या नातवाचं काही निघालं की आजोबा स्वतःच्या रक्ताकडे बघतात. त्यांना ठाम उत्तर देईल असं विज्ञान अजून हाती नाही.

मनाच्या जखमेला नाव मिळालं तेही यांच्या पाठपुराव्यामुळे. युद्धानंतरची ती झोप उडणं, दचकणं, भडकणं, म्हणजे पीटीएसडी, मानसोपचाराच्या अमेरिकी ग्रंथात आजार म्हणून दाखल झाला तो १९८० मध्ये. आज इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या तरुणाला समुपदेशक मिळतो, त्यामागे या म्हाताऱ्यांनी घातलेले वाद आहेत.

(दृश्य : मैदानात मांडलेले तंबू. केस कापून घेणारा दाढीवाला माणूस.)

याला 'स्टँड डाउन' म्हणतात. लष्करी शब्द आहे, आघाडीवरून मागे येऊन घेतलेली विश्रांती. १९८८ मध्ये सॅन डिएगोत व्हिएतनामच्या माजी सैनिकांनी पहिल्यांदा तो बेघर सोबत्यांसाठी भरवला, आणि पुढे गावोगावी भरू लागला. एक-दोन दिवस गरम जेवण, बूट, दातांचा डॉक्टर, वकील, न्हावी. आज रांगेत उभे असलेले बरेचसे नंतरच्या युद्धांतले. वाढणारे मात्र अजून व्हिएतनामचेच, एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात काठी.

आता मुद्द्याचं. या संघटनेत नवा माणूस येऊ शकत नाही. सदस्य व्हायचं तर त्या युद्धाच्या काळात गणवेशात असावं लागतं, आणि तो काळ ७ मे १९७५ रोजी संपला. तेव्हा जेमतेम अठराचा असलेलाही आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. मुलगा, सून, शेजारी सहयोगी म्हणून येऊ शकतात. पण हे मंडळ आपल्याबरोबरच संपणार, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर चर्चाही होते, विषयपत्रिकेवरचा एक विषय म्हणून. झेंडा कुठल्या संग्रहालयाला द्यायचा. स्मारकावर शाळेच्या मुलांना कोण फिरवणार. दाव्यांच्या फायली कुणाकडे सोपवायच्या. यादीत नव्यानं काही आलं तर विधवांना फोन कोण करणार. शेवटच्या प्रश्नावर कागदांचा तो माणूस हात वर करतो. तोही एकोणऐंशीचा आहे.

(दृश्य : पुन्हा होमडेल. शाळेची बस निघते.)

बस वळणावरून दिसेनाशी होते. स्वयंसेवक बाकावर टेकतात, टोपी काढतात, पाणी पितात. मुलांपैकी कुणीतरी एका शिळेपाशी दस्ताना विसरून गेलंय. ते उठतात, तो उचलतात, मातीत पडू नये म्हणून शिळेच्या वरच्या काठावर ठेवायला जातात. हात पोचत नाही. मग तो खिशात घालतात.

पुढची बस साडेअकराला आहे.