हेडलाइटवरची सावली

[दृश्य: मे महिन्यातली दुपार, चारचा सुमार. मानेवाडा भागातली एक गल्ली. गेटसमोर कडुनिंब, त्याखाली जुनी पांढरी कार. कुलरची घरघर.]

नवतपा सुरू आहे. नागपुरात या नऊ दिवसांत दुपारी कोणी विनाकारण बाहेर पडत नाही, आणि पडलंच तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून. माणूस सावली शोधतो. गाडी मात्र जिथे लावली तिथेच उभी.

ही गाडी बारा वर्षं याच गेटसमोर लागते. कडुनिंबाची सावली तिला सकाळपुरती मिळते, दुपारनंतर ऊन थेट तिच्या तोंडावर. आता तिचे हेडलाइट जवळून बघा.

[क्लोजअप: पिवळी, धुरकट लेन्स. वरच्या कडेवरून फिरणारं बोट.]

वरचा अर्धा भाग जुन्या एरंडेलाच्या बाटलीसारखा पिवळा. खालचा अजून बराच साफ, कारण ऊन वरून येतं. बोट फिरवलं की खरखर लागते, आणि कोपऱ्यात उन्हाने भाजलेल्या पाठीसारखे बारीक पापुद्रे सुटलेत.

माझ्या भाच्याला हेच झाकायचं होतं. त्याने ऑनलाइन किट मागवलं, सहाशे रुपयांचं. म्हणाला, "मामा, पिवळं दिसण्यापेक्षा काळं बरं. अन् गाडीला लूक पण येते."

मी नाही म्हटलं नाही. हाताने काही करून बघणारी पोरं मला आवडतात. म्हणून कॅमेरा काढला आणि त्याच्या शेजारी बसलो.

[दृश्य: ओट्यावर मांडलेलं किट.]

किटमध्ये धुरकट रंगाच्या फिल्मची गुंडाळी, स्प्रेची बाटली, रबरी पट्टी आणि कटर. हेअर ड्रायर घरचा, बहिणीचा. फिल्मवर लिहिलं होतं, 35 टक्के प्रकाश आरपार जातो. हा आकडा लक्षात ठेवा.

पद्धत सोपी आहे, पण हात बसायला वेळ लागतो. लेन्स आधी साबणाने धुवायची, कोरडी करायची. मग बाटलीत पाणी आणि शाम्पूचे चार थेंब टाकून लेन्स पूर्ण ओली करायची, म्हणजे फिल्म टेकवल्यावर चिकटून न बसता सरकते. मागचा कागद काढून गोंदाच्या बाजूवरही तेच पाणी मारायचं. फिल्म मधोमध टेकवायची आणि रबरी पट्टीने पाणी मधून कडेकडे ढकलत न्यायचं. जिथे लेन्स वळते तिथे ड्रायरची हवा द्यायची. फिल्म मऊ पडते, ताणली जाते आणि गोलाई धरते. शेवटी कडा पाव इंच जास्त ठेवून कापायची आणि बोनेटच्या फटीत दाबायची. कटरचं पातं लेन्सवर टेकवून कापू नका. तो ओरखडा फिल्म काढल्यावरही राहतो.

आमचा पहिला प्रयत्न फसला, तो उन्हामुळे. चार वाजता लेन्सला हात लावला तर चटका बसत होता. शाम्पूचं पाणी फिल्म टेकवायच्या आधीच वाळलं, फिल्म एका कोपऱ्यात चिकटली आणि ओढताना तिची दोरी झाली. अर्धी गुंडाळी वाया. सूर्य मावळल्यावर पुन्हा बसलो, तेव्हा काम नीट झालं. फक्त इंडिकेटरजवळ मुगाएवढे दोन बुडबुडे राहिले.

[दृश्य: संध्याकाळचा उजेड. काळपट हेडलाइट लावलेली गाडी समोरून.]

गाडी छान दिसत होती, हे मी मनापासून सांगतो. पिवळेपणा गायब, चेहरा एकदम तरुण. भाच्याने तिचे वीसेक फोटो काढले असतील.

त्याच रात्री आम्ही रामटेकला निघालो, नातेवाइकांकडे. कामठी, कन्हान, तिथून जबलपूरच्या दिशेने चौपदरी महामार्ग. तोवर काही जाणवलं नाही. रस्त्याला दिवे, पुढे-मागे गाड्या, दुभाजकावर चमकणारे रिफ्लेक्टर. मनसरला महामार्ग सोडून रामटेककडे वळलो आणि अंधार लागला.

[दृश्य: रात्रीचा रस्ता, गाडीच्या आतून. कडेच्या झाडांच्या बुंध्यांवर चुना आणि गेरूचे पट्टे.]

आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारतात ते याचसाठी, रात्री रस्त्याची कड कळावी म्हणून. मी सवयीने पट्टे मोजायला लागलो. दोन झाडं दिसत होती. तिसरं अंदाजाने.

एका वळणावर सायकलवाला होता. मागे रिफ्लेक्टर नाही, अंगात गडद शर्ट. भाच्याला तो दिसला, पण उशिरा. ब्रेक जोरात लागला, सायकलवाला कडेला उतरला, कोणाला काही झालं नाही. भाचा गाडी चांगली चालवतो, वेग पन्नासच्या आत होता. चूक त्याच्या हाताची नव्हती. उजेडच कमी होता.

त्यानंतर त्याने हाय बीम लावला तो काढलाच नाही. समोरून येणारे डिपर मारून सांगत होते, पण लो बीममध्ये त्याला काही दिसतच नव्हतं. फिल्मची किंमत अशी समोरच्याच्या डोळ्यांनाही द्यावी लागते, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

[दृश्य: वही, पेन. हाताने काढलेली आकृती.]

घरी आल्यावर हिशोब मांडला. शंभर भाग प्रकाशातले 35 भागच बाहेर पडतात. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. म्हणजे जेवढा उजेड आधी 50 मीटरवर पडत होता, तेवढा आता साधारण 30 मीटरवरच पडतो. साध्या हॅलोजन लो बीममध्ये गडद कपड्यातला माणूस जेमतेम पन्नास-साठ मीटरवरून कळतो, तोही लेन्स साफ असेल तर. आता वेग बघा. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. 25 मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. बेरीज 45. आणि दिसतंय तीस-पस्तीसचं.

हे 35 टक्क्यांच्या फिल्मचं. बाजारात याहून कितीतरी गडद फिल्मही मिळतात. पाच टक्केवाली लावली तर 50 मीटरचे 11 मीटर उरतात.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. फिल्मखालचा पिवळा धुरकट थर तसाच होता. तो प्रकाश नुसता अडवत नाही, विखरतोही. रस्त्यावर पडायचा तो उजेड वर, आजूबाजूला, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यावर काळी फिल्म म्हणजे मोतीबिंदूवर गॉगल.

[दृश्य: जुन्या गोल काचेच्या हेडलाइटचा क्लोजअप.]

हेडलाइट पिवळे पडतात ही तशी नवी तक्रार. अॅम्बेसेडर, पद्मिनी, जुनी मारुती 800, यांचे दिवे काचेचे होते. दगड लागला तर फुटायचे, पण कधी पिवळे पडले नाहीत. आताच्या लेन्स पॉलिकार्बोनेटच्या. 1953 मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी हे प्लास्टिक शोधलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्सही स्वतंत्रपणे तिथेच पोचले. हलकं, हवा तो आकार घेणारं, दगडाला दाद न देणारं. दोनच खोडी. त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यात लेन्सवर पारदर्शक कडक थर देतात. तो थर आहे तोवर सगळं ठीक. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तो विरतो आणि मग खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. नागपूरच्या उन्हात उघड्यावर उभ्या गाडीचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

दिवे काळे करण्याची पद्धत मात्र जुनी आहे. 1965 आणि 1971 च्या युद्धांत ब्लॅकआउटसाठी गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवत. नंतरही कितीतरी वर्षं ट्रकच्या काचेवर काळा ठिपका किंवा वर काळी पट्टी असायची, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. त्या काळेपणामागे दुसऱ्याचा विचार होता.

कायद्याचंही सांगून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली ती खिडक्यांच्या काचांसाठी, आणि ती बहुतेकांना माहीत आहे. पण मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182-ए फारसं कोणाला ठाऊक नसतं. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चौकात हवालदाराने काळ्या हेडलाइटवर बोट ठेवलं तर हेच कलम पुढे येऊ शकतं.

[दृश्य: सकाळ. भाचा फिल्म सोलतो आहे.]

दुसऱ्या दिवशी भाच्याने न सांगता ड्रायर आणला. फिल्म गरम करून लेन्सला जवळजवळ समांतर, हळू ओढली की निघते. निघाली. पण मागे बघा, गोंदाला पिवळे पापुद्रे चिकटून आलेत. कारखान्याच्या थराचे अवशेष आहेत ते. जिथून ते सुटले तिथे लेन्सवर नकाशासारखे डाग उमटले. फिल्मऐवजी स्प्रेचा काळा रंग मारला असता तर तो घासूनच काढावा लागला असता.

तेव्हा शेजारच्या गल्लीतले पेंटर काकाजी आले. चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेला माणूस. लेन्सवर नख मारून म्हणाले, "काहून झाकून राहिला होता रे पोट्ट्या? घास ना. खाली चांगला माल आहे."

[दृश्य: बादलीत भिजत घातलेले वॉटर पेपर. मास्किंग टेप.]

काकाजींनी सगळ्यात आधी टेप मागितली. हेडलाइटभोवती दुहेरी मास्किंग टेप, कारण पेपर एकदा घसरला की बंपरचा रंग गेला. मग वॉटर पेपर, म्हणजे ओले घासायचे पॉलिश पेपर, दहा मिनिटं पाण्यात भिजवलेले. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. पापुद्रे सुटले असतील तर 600 नंबरपासून, नुसतं पिवळं असेल तर 800 पासून. पुढे 1000, 1500, 2000 आणि शेवटी 3000. एक नंबर आडवा घासायचा, पुढचा उभा. म्हणजे आधीचे आडवे ओरखडे गेले की नाही ते उभ्या घासण्यात लगेच दिसतं. ही युक्ती मला कुठल्याच किटच्या कागदावर सापडली नव्हती.

[क्लोजअप: लेन्सवरून ओघळणारं पाणी. आधी पिवळसर, मग दुधासारखं पांढरं.]

हे पाणी बघत राहा. सुरुवातीला ते हळदीच्या दुधासारखं येतं. म्हणजे जुना थर निघतो आहे. घासत राहायचं. पाणी निव्वळ पांढरं झालं की थांबायचं आणि पुढचा पेपर घ्यायचा. वर्तुळात नाही, दाब देऊन नाही, आणि पाणी तोडायचं नाही.

आता लेन्स पूर्वीपेक्षा वाईट दिसते, पांढरीफेक, आंधळी. भाच्याचा चेहरा पडला. काकाजी फक्त म्हणाले, "अजून दोन पेपर आहे बाप्पा." 3000 नंबरनंतर रबिंग कंपाउंड आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा. पाच मिनिटांत आतला बल्ब दिसायला लागला. नंतर त्याच्या मागच्या रिफ्लेक्टरवरच्या रेघासुद्धा.

बरेच लोक इथेच थांबतात, किंवा टूथपेस्टने घासून खूश होतात. काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो, कारण उघड्या प्लास्टिकला आता कसलंच संरक्षण नसतं. वर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट द्यावाच लागतो. हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर सगळ्यात टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक आहे. रुमाल पुरत नाही. योग्य फिल्टरचा मास्क हवा, जागा मोकळी हवी आणि मुलं घरात हवीत. काकाजी स्वतः मास्कशिवाय मारायला निघाले होते. मी हट्टाने लावायला लावला.

हल्ली गरम वाफेचा पेला मिळतो, लेन्ससमोर धरला की ती क्षणात चकचकीत होते. पॉलिकार्बोनेट विरघळवणाऱ्या द्रावकाची वाफ आहे ती. वरचा थर वितळून गुळगुळीत होतो, ओरखडे भरतात, पण ऊन अडवणारं काही मिळत नाही. घरच्या ओट्यावर, बंद पोर्चमध्ये असली वाफ श्वासात घेऊ नये.

[दृश्य: संध्याकाळ. अंगणात पाण्याचा सडा.]

धूळ बसावी म्हणून बहिणीने अंगणात सडा टाकला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेन्स पुसली आणि काकाजींनी क्लिअरचे दोन पातळ हात दिले, मध्ये पंधरा मिनिटं सोडून. पोर्चचा दिवा चालू राहिला ही आमची चूक. दुसऱ्या हातानंतर डाव्या लेन्सवर एक बारीक किडा येऊन बसला आणि तिथेच राहिला. भाचा काढायला धावला, काकाजींनी त्याचा हात धरला. ओल्या क्लिअरला बोट लागलं असतं तर सगळं पुन्हा घासावं लागलं असतं.

तो किडा अजून तिथे आहे. खालच्या कोपऱ्यात, पंखांसकट.

[दृश्य: रात्र. मनसर-रामटेक रस्ता, गाडीच्या आतून. आवाज फक्त इंजिनाचा.]

आठ दिवसांनी आम्ही त्याच रस्त्याला आलो. बल्ब तेच, 55 वॅटचे. लो बीम. भाचा गाडी चालवतोय आणि या वेळी तोच मोजतोय.

"एक... दोन... तीन... चार... मामा, पाचवं पण दिसून राहिलं. गेरू वेगळा, चुना वेगळा."

समोरून एक मोटरसायकल येते. डिपर न मारता निघून जाते.